झाडलेली जागा

हिरामणभाऊ, तुमच्या नावाचा दगड तयार झाला. काळा ग्रॅनाइट आहे, छातीइतका उंच, अक्षरं सोनेरी. काल दुपारी तो मालवाहू ऑटोतून आला, भवनाच्या दाराशेजारी भिंतीत बसला आणि मिस्त्रीने लगेच त्याच्यावर लाल पडदा सोडला. उद्या सकाळी वस्तीच्या विकास समितीचे अध्यक्ष तो पडदा ओढतील, नारळ फोडतील आणि तुम्ही किती मोठा माणूस होतात ते माइकवरून सांगतील. तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत.

तुम्ही असता तर म्हणाला असतात, "जाऊ द्या न मॅडम, कायले डोकं तापवता?" हे वाक्य मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला सुमार नाही. ऑफिसातला पंखा बंद पडला, माझी बढती हुकली, कोणी टेबलावरची शाई सांडली, तुमचं म्हणणं एकच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, तुमचा कुठे ठेवलेला असायचा देव जाणे. नकाशांच्या त्या ऑफिसात आपण दोघांनी अर्धं आयुष्य काढलं. मी अनुरेखक, म्हणजे साहेबांनी मोजून आणलेली जागा शाईने कागदावर उतरवणारी. तुम्ही चेनमन, म्हणजे मोजताना फितीचं दुसरं टोक धरून उन्हात उभे राहणारे. जमिनीवर तुम्ही, कागदावर मी, आणि मधले साहेब दर तीन वर्षांनी बदलणारे.

आता मला थंड करणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा आज मुकाट्याने ऐकून घ्या. मी सूड घेतला आहे, आणि तो तुमच्या नावाने घेतला आहे.

श्रावणात तुम्ही ऑफिसात यायचात ते हातात गव्हाचे पिवळे कोंब घेऊन. तुमच्या बंजारा तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत माती भरून गहू पेरायच्या, नऊ दिवस त्यांना पाणी घालायच्या, त्यांच्याभोवती फेर धरून गायच्या, नाचायच्या. शेवटच्या दिवशी ते कोंब खुडून घरच्या मोठ्या माणसांच्या पागोट्यात खोचायच्या. ही तुमची तीज. मी काही पागोटं बांधत नाही, म्हणून तुम्ही ते माझ्या पेन्सिलींच्या डब्यात खोचायचात. पहिल्या वर्षी मी विचारलं, हे गवत कशाला आणलं? तुम्ही म्हणालात, "लेकीच्या हातचं हाये मॅडम, फेकू नका." मी कधी फेकलं नाही. वाळून त्याचा भुसा होईपर्यंत ते डब्यात राहायचं आणि पुढच्या श्रावणात नवं यायचं. मला भाऊ नाही हे तुम्हाला माहीत होतं.

तुमचा तांडा तेव्हा यवतमाळच्या बाहेर, बाभुळगाव रोडला, कपाशीच्या वावरांमध्ये होता. पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. आजोबांनी तिथे मुक्काम टाकला तो उचललाच नाही. पन्नासेक घरं, आणि तांड्याच्या नायकाच्या घरासमोर मधोमध एक पटांगण. मग शहर पसरत त्या बाजूला आलं. एका वावरात लेआउट पडला, मग शेजारच्या, मग एकही वावर राहिलं नाही. दारव्हा, आर्णी, पुसद, बाभुळगाव, कुठकुठले लोक मुलांच्या शिक्षणासाठी प्लॉट घेऊन आले. त्यात मीही आले. माझ्या गच्चीवरून तुमचं पटांगण सरळ दिसायचं. काही वर्षांत घरं इतकी झाली की एका ऑटोवाल्याने मला विचारलं, त्या लेआउटमधल्या झोपडपट्टीजवळ का? मी तिथल्या तिथे खाली उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, पाय तर तुमचेच दुखले.

लोक आले, पण लोकांना लागतं ते काही आलं नाही. दवाखाना नाही, पोरांना वाचत बसायला खोली नाही, म्हाताऱ्यांना टेकायला झाडाखाली ओटा नाही. शेवटी या वाढलेल्या वस्तीचा आराखडा करायचं ठरलं. शाळा कुठे, बाग कुठे, बाजार कुठे, सांस्कृतिक भवन कुठे. आधी आहे ती सगळी जागा मोजायची, मग जी मोकळी सापडेल तिच्यावर सुविधा बसवायच्या. काम आपल्याच ऑफिसात आलं आणि तुमच्याच तांड्यात फीत धरायला तुम्ही गेलात.

त्या दिवशी काय घडलं ते तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत, ऑफिसमागच्या टपरीवर, चहाचा ग्लास हातात धरून. आदल्या दिवशी घरी जाऊन तुम्ही सांगितलं होतं की उद्या साहेब येणार, पटांगण चांगलं दिसलं पाहिजे. जमनावहिनींनी पहाटे उठून सगळं पटांगण झाडलं, शेणाचा सडा टाकला. एरवीही तिथे कोणी ढोर बांधत नसे, बाज टाकत नसे, कडबा रचत नसे. तिजेची जागा म्हणून तांडा ती वर्षभर सांभाळायचा. त्या दिवशी तर म्हातारे ज्यांच्यावर बसायचे ते कडेचे दोन दगडही उचलून बाजूला नेले. साहेब आले, चारी बाजूंना नजर फिरवली, विचारलं, इथे काही नाही ना? आणि वहीत लिहून टाकलं, रिकामी.

मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"चेनमननं आकडा सांगा लागते मॅडम. बाकीचं साहेबाचं काम." मग म्हणालात, "पटांगण झाडाले मीनंच लावलं होतं न." आणि हसलात. ते हसू मला अजून आवडलेलं नाही.

ती वही माझ्या टेबलावर आली होती. घरांना पिवळा रंग, शेतीला हिरवा, रिकाम्या जागेला काहीच नाही. तिथे कागद कोरा सोडायचा. मी सोडला. नकाशावर तुमचं पटांगण नखाएवढं होतं, मला ओळखू आलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी पाहिलंच नाही. दर श्रावणात गच्चीवर उभी राहून ज्या जागी मुली नाचताना बघायचे, ती जागा मी माझ्या हाताने कोरी ठेवली. वहीत असेल ते उतरवायचं, एवढंच माझं काम होतं, आणि माझ्या हातून कधी चूक होत नाही याचा मला केवढा तोरा होता. पुढे आराखडा जाहीर झाला तेव्हा त्या कोऱ्या नखावर अक्षरं होती: सांस्कृतिक भवन.

मी आकांडतांडव केलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडून जुन्या ट्रेसिंगचा एक तुकडा आणि मऊ पेन्सिल मागून नेलीत. मग महिनाभर रोज ऑफिस सुटल्यावर तुम्ही लेआउटमधून घरोघर फिरलात. घरी पाहुणे आले तर कुठे झोपवता? लेकीचं लग्न ठरलं तर मांडव कुठे घालता? घरातलं माणूस गेलं तर लोक कुठे बसतात? असले प्रश्न आपल्या ऑफिसातल्या कुठल्याच फॉर्मवर नव्हते. एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरने तुम्हाला सांगितलं की बायकोची तेरवी त्याला रस्त्यावर करावी लागली, वाढता वाढता पंगतीतून दोन मोटरसायकली गेल्या. सांगताना तो रडला आणि तुम्हीही रडलात. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, त्यानेच सांगितलं.

तुमचा नकाशा वेडावाकडा होता. प्रमाण नाही, उत्तर दिशा चुकलेली. पण त्यात सगळं होतं. भवन पाण्याच्या टाकीजवळ, कारण तिथे रस्ता रुंद, गाड्या लागतील, आणि रडारड झाली तर शेजारच्या लेकरांचा अभ्यास बुडणार नाही. वाचनाची खोली बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात. एसटी थांब्यावर सावली. हापशीजवळ बायकांना बसायला कट्टा, कारण तशाही त्या तिथेच बोलत उभ्या असतात. आणि मधे पटांगण, त्याच्यात तुम्ही काहीच काढलं नव्हतं, फक्त कडेला दोन टिंबं. मी विचारलं, ही काय? तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्यांचे दगड. लेआउटवाल्यांना हवं होतं ते सगळं तुम्ही त्यांना दिलं होतं, तांड्यासाठी एवढी एकच जागा मागे ठेवली होती.

हरकत लिहायला बसलो आणि तिथेही आपलं भांडण झालं. मला लिहायचं होतं की ही लबाडी आहे. विकास समितीच्या अध्यक्षांचे प्लॉट पटांगणाला लागून आहेत, भवन तिथे झालं की त्यांच्या प्लॉटांना भाव येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही मला ती ओळ काढायला लावली. त्या जागी 'नम्र विनंती' आलं. मी 'मागणी' लिहिलं, तुम्ही 'विनंती' केलं. मी 'अन्याय' लिहिलं, तुम्ही म्हणालात, "अडचण लिवा न मॅडम. अन्याय लिवला का समोरचा माणूस वाचतच नाही." एवढी मऊ हरकत मी जन्मात पाहिली नव्हती. आणि तरीही ती वाचली गेली नाही.

ती सभा मला विसरता येत नाही. रहिवाशांचं मत म्हणून समितीपुढे तुमची हरकत ठेवायची होती. तुम्ही पांढरं धोतर, लाल पागोटं घालून आलात, हात जोडून उभे राहिलात. सचिवांनी कागद उघडला, घसा खाकरला. अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, "वाचलं समजा. पुढचा विषय घ्या." ही त्यांची जुनी सवय. मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, अर्ज, पत्रं, सगळ्यांना त्यांच्याकडे हे एकच औषध; म्हणायचं, आणि खाली सही ठोकायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंडक्टरसाहेबांनीही. तुम्ही हात जोडलेलेच होते, ते तसेच घेऊन खाली बसलात. मी उठून ओरडायला लागले तर मागून तुमचाच आवाज, जाऊ द्या न मॅडम.

मी जाऊ दिलं. तुमचं ऐकलं. आज मला वाटतं तिथेच पहिली चूक झाली.

पाया खणायला लागले तेव्हा मी आठ दिवस गच्चीवर गेले नाही. तुम्ही मात्र रोज तिथे. एकदा मी रस्त्यावरून जाताना पाहिलं तर तुम्ही गवंड्यांना घरून माठातलं पाणी आणून पाजत होतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या मुलीबाळींच्या जागेवर कुदळी घालणाऱ्यांना तुम्ही पाणी देता? तुम्ही म्हणालात, "त्या गवंड्यायचा काय गुन्हा? ऊन काय कमी हाये?" मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही.

गेल्या श्रावणात तीज रस्त्यावर झाली. मुलींनी डांबरावर टोपल्या मांडल्या आणि फेर धरला. एक गाडी आली, तिने हॉर्न वाजवला, आणि पुन्हा वाजवला. मुलींनी गाणं थांबवलं, टोपल्या उचलून त्या कडेला झाल्या. त्या गडबडीत एक टोपली पालथी झाली. तुम्ही पुढे आलात आणि हात वर करून त्या गाडीला वाट करून दिलीत, मोजणीच्या वेळी फीत उचलून गाड्यांना वाट द्यायचात अगदी तसे. गाडी गेल्यावर खाली बसून माती ओंजळीने परत टोपलीत भरलीत आणि एकेक कोंब उभा केलात. मी वरून बघत होते. गाडी अध्यक्षांची होती.

त्या संध्याकाळी तुम्ही चहाला आलात आणि मी नको ते बोलले. म्हणाले, तुम्ही भित्रे आहात. तुमच्या हातातून ती फीत अजून सुटलेली नाही. जन्मभर दुसऱ्याचं टोक धरून उभे राहिलात, तसेच मराल.

तुम्ही ग्लास खाली ठेवला. "भ्या नाही वाटत मॅडम. मले या लोकायसंग राहाचं हाये. तुमची आमची लेकरं एकाच शाळेत जाऊन राह्यली. आज भांडलो तर उद्या त्यायले एका बाकावर कोन बसू देईन?" एवढं बोलून उठलात. ग्लासात निम्मा चहा होता.

सकाळी फाटक उघडायला गेले तर कडीला दोऱ्याने बांधलेले गव्हाचे कोंब. त्यांना माती लागलेली होती. ते त्या पालथ्या झालेल्या टोपलीतले होते हे मला तेव्हाच कळलं. मी आत येऊन रडले. त्यानंतरही तुम्ही येत राहिलात, पावसापाण्याचं बोलत राहिलात, मी साखर जास्त घालत राहिले. मी चुकले, एवढे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला वाटलं, घाई काय आहे.

मग या आषाढात एका दुपारी जमनावहिनींचा निरोप आला.

तुमची शोकसभा कुठे झाली माहीत आहे? त्याच भवनात. भिंतींना अजून प्लास्टर नव्हतं, सतरंजीखाली सिमेंटचे खडे टोचत होते. तुमच्या फोटोला हार घातलेला. अध्यक्ष उभे राहिले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "हे भवन म्हणजे हिरामणभाऊंचं स्वप्न होतं." भाऊ, तुम्ही मेल्यावर तुमचं स्वप्नही त्यांनी मोजून घेतलं. पुढे म्हणाले की भवनाला तुमचंच नाव द्यायचं. निवडणूक तोंडावर आहे आणि तांड्यात मतं आहेत, हे काही मला कोणी समजवायला नको. लोकांनी शोकसभेत टाळ्या वाजवल्या. बायकांच्या घोळक्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या जमनावहिनींनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. काय करू, असं विचारत असाव्यात. किंवा तू काय करणार आहेस, असं.

सभा संपल्यावर अध्यक्ष स्वतः माझ्याजवळ आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर छापल्यासारखं. कोनशिलेचा मजकूर तुम्हीच लिहून द्या." मी मान खाली घालून हो म्हटलं. इतकी गरीब गाय मी त्यांना कधी दिसले नसेन.

चार दिवस लिहीत होते. तुमची हरकत समोर ठेवली होती, ती मऊ, विनंत्यांनी भरलेली. रागाचा एकही शब्द मी घातला नाही. तेवढं तुमच्याकडून शिकले. लिहून झाल्यावर आधी जमनावहिनींकडे गेले. त्या दारात बसून तूर निवडत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"यातलं खोटं काही हाये का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. पण उद्या हे लोक तुम्हाला त्रास देतील, तेव्हा नको असेल तर आत्ताच सांगा.

"आता काय नेतीन माह्यापासून?" त्या सुपातल्या तुरीकडे बघत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झाडलं मी होतं. तेही लिवा."

मी तिथेच त्यांच्या उंबऱ्यावर बसून एक ओळ वाढवली.

सभेत विषय आला, कोनशिलेचा मजकूर मंजूर करणे. मी सात ओळींचा कागद सचिवांच्या हातात दिला. त्यांनी पहिली ओळ वाचली, हिरामण सांस्कृतिक भवन. अध्यक्ष मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी मोबाइलवर हात धरला आणि म्हणाले, "वाचलं समजा." कागद पुढे ओढून त्यांनी सही केली, सचिवांनी शिक्का मारला. मी हात जोडून उभी होते, तुमच्यासारखी. जन्मात पहिल्यांदा मी सभेत गप्प बसले.

दगड कोरणारा म्हातारा कारागीर मात्र सगळं वाचणारा निघाला. चश्मा कपाळावर सरकवून त्याने मला विचारलं, "बाई, हे अस्संच कोराचं हाये का?" मी सही दाखवली, शिक्का दाखवला. त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अक्षर खोल कोरतो. लवकर बुजनार नाही."

त्या लाल पडद्यामागे काय आहे, ते आज फक्त चौघांना माहीत आहे. मी, जमनावहिनी, तो कारागीर, आणि आता तुम्ही. मिस्त्रीला वाचता येत नाही. ऐका:

हिरामण सांस्कृतिक भवन.
ही जागा तांड्यातल्या लेकींच्या तिजेची होती.
भवन इथे न बांधता पाण्याच्या टाकीजवळ बांधावं, अशी हिरामणभाऊंची नम्र विनंती होती.
ती विनंती न वाचता निकालात काढली, आणि त्यांचंच नाव या भवनाला दिलं.
जागा झाडून स्वच्छ ठेवलेली होती, म्हणून नकाशात रिकामी दाखवली.
झाडणारी : जमनाबाई.
नकाशा काढणारी : विमल, अनुरेखक.

शेवटची ओळ पाहून तुम्ही रागवाल. तुमचं नाव कायले, म्हणाल. भाऊ, सूड घ्यायचा तर आपल्याला सोयीची नावं गाळून चालत नाही. वहीत साहेबांनी रिकामी लिहिलं, ते बदलून गेले. सही अध्यक्षांनी केली, ते उद्या दगडासमोर उभे असतील. कागद कोरा मी सोडला. मला दुसऱ्या कोणी पकडलं नाही, म्हणून मी स्वतःलाच पकडून दिलं.

परवा ते दगड काढतील, मला काय कळत नाही? काढू देत. ठरावाने बसवलेला दगड ठरावाशिवाय निघत नाही. ठराव करायचा तर कारण लिहावं लागेल, कोणता दगड आणि त्यावर काय होतं ते लिहावं लागेल. म्हणजे तुमची विनंती दगडावरच्या शब्दांत समितीच्या इतिवृत्तात जाईल, जिथे ती चार वर्षांपूर्वी जायला हवी होती. नोकरीत मी काही कमावलं नसेल, पण फाइल कशी पुढे सरकते ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि टाकीजवळची जागा अजून मोकळी आहे. तिथे काय करायचं ते सांगणारा तुमचा वेडावाकडा नकाशा माझ्याजवळ आहे. मी त्याची उत्तर दिशा दुरुस्त केली आहे, बाकी हात लावलेला नाही.

यंदाही तीज पेरली आहे. अध्यक्षांनी तांड्यातल्या मुलींना उद्याचं आमंत्रण दिलं आहे, सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून स्टेजवर नाचायला. जमनावहिनींनी निरोप पाठवला, येऊ, टोपल्या घेऊन येऊ. टोपल्या त्या दगडाखाली ठेवणार आहेत. तुमच्या नातीने काल मला कोंब आणून दाखवले. बोटभर झालेत.

एक काम राहिलं होतं, तेही आज केलं. उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका लिहायलाही त्यांना माझंच अक्षर लागलं. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, सगळं रीतसर लिहिलं. अनावरणाच्या पुढे मी लिहिलं, 'कोनशिलेचे वाचन : मा. अध्यक्ष'. पत्रिका त्यांच्याकडे सहीला गेली आणि सही होऊन आली. त्यांनी ती वाचलेली नाही.

तुम्ही असता तर उद्या मागच्या खुर्चीतून तुमचा आवाज आला असता, जाऊ द्या न मॅडम. ती खुर्ची मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. भाऊ, मी चुकले. तुम्हाला भित्रे म्हणाले ते परत घेते. दुसरं काहीही परत घेणार नाही. उद्या सगळ्या वस्तीसमोर अध्यक्षांच्या हातात माइक असेल, आणि तुमची विनंती त्यांना मोठ्याने वाचावी लागेल.